स्पर्धा थांबवायची कोणी?

अहमदाबादला २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा मिळाली. आनंद आहे, क्रिकेटवेडा तर मीही. पण मला एप्रिल २०२१ आठवतो. १४ तारखेपासून राज्यात संचारबंदी, वर्ध्यात बेडसाठी धावपळ, आणि तिकडे वानखेडेवर आयपीएलचे सामने सुरूच! प्रेक्षक नव्हते, हे खरं. पण बबलमधल्या खेळाडूंच्या टेस्ट वारंवार व्हायच्या, अन् इथं आपण एका रेमडेसिवीरसाठी रात्रभर फोन फिरवत होतो. (मीही.) स्पर्धा थांबली ४ मे रोजी, खेळाडूच पॉझिटिव्ह निघाल्यावर.

भाऊ, स्पर्धा जरूर घ्या. पण साथ आली तर ती कधी थांबवायची आणि ते ठरवणार कोण, आयोजक की आरोग्य खातं? स्टेडियमचं टेंडर काढायच्या आधी एवढं लिहून जाहीर करा.