कायद्यातला ‘किंवा’ आणि बाळाचे आसन

प्रसूतिगृहातून घरी निघालेल्या बाळाचा पहिला प्रवास आपल्याकडे बहुधा आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर होतो. मोटार कितीही आधुनिक असो, बाळाची जागा ठरलेली: दुपट्यात गुंडाळलेले आणि छातीशी धरलेले. मायेच्या दृष्टीने याहून सुरक्षित जागा नाही. अपघाताच्या क्षणी मात्र याहून धोकादायक जागा क्वचितच असेल. समज आणि वास्तव यांतले हे अंतर कमी करण्याची संधी कायद्याला २०१९ मध्ये मिळाली होती. ती त्याने घेतली, पण अर्धवटच.

मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने कलम १९४-बी अस्तित्वात आले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू झाले. चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने ‘किंवा’ बालसुरक्षा आसनाने बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. वरवर पाहता ती स्वागतार्हच. तथापि सारी मेख त्या ‘किंवा’मध्ये आहे. तेरा वर्षांचा मुलगा आणि तेरा दिवसांचे अर्भक यांच्यात हे कलम भेद करत नाही. पहिल्याला साधा पट्टा पुरेसा ठरू शकतो. दुसऱ्याला तो लावताच येत नाही.

याचे कारण शरीररचनेत आहे. मोटारीतला पट्टा प्रौढ माणसाच्या ओटीपोटाची हाडे, छाती आणि खांदा यांवर भार पेलण्यासाठी बनवलेला असतो. अर्भकाला बसता येत नाही. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड, तर मानेचे मणके अजून पुरते हाडात रूपांतर न झालेले असतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकेत एक दशांश सेकंदात थांबली, तर सात किलोच्या बाळाला रोखून धरण्यासाठी सुमारे शंभर किलोचे वजन पेलण्याइतका जोर लागतो. एवढा जोर कोणत्याही आईच्या हातात नसतो. स्वतःच्या पट्ट्यातच बाळाला घेण्याची युक्ती तर त्याहून घातक, कारण धडकेत आईच्या देहाचा सारा भार पट्टा आणि तिचे शरीर यांच्यामध्ये सापडलेल्या बाळावर येतो.

म्हणूनच अर्भकाचे आसन गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवतात. समोरून धडक बसली की बाळाचे डोके, मान आणि पाठ एकत्रच आसनाच्या पाठीत दाबली जातात आणि आघात विभागला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत तयार झालेल्या ‘आर-१२९’ या नियमानुसार बाळ किमान पंधरा महिन्यांचे होईपर्यंत ही दिशा बंधनकारक आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१८ मध्ये, आसनाची वजन आणि उंचीची मर्यादा संपेपर्यंत तोंड मागेच ठेवा, असा सल्ला दिला. अशा आसनांमुळे मोटारीतील एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी घटतो, असे तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाचे अनुमान आहे.

परंतु आसन विकत आणणे म्हणजे सुरक्षितता विकत आणणे नव्हे. अमेरिकेत १९७८ मध्ये टेनेसी राज्यापासून या कायद्यांची सुरुवात झाली आणि १९८५ पर्यंत ते सर्व राज्यांत पोहोचले. तरीही त्याच प्रशासनाच्या पाहणीत सुमारे ४६ टक्के आसनांच्या वापरात चुका आढळल्या. त्या चुका साध्या आणि म्हणूनच टाळता येण्याजोग्या आहेत. आसन मागच्या सीटवर बसवावे. पुढे एअरबॅग चालू असेल तर तेथे मागे तोंड केलेले आसन कदापि ठेवू नये, कारण उघडणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. आसन गाडीच्या पट्ट्याने किंवा सीटच्या फटीतील ‘आयसोफिक्स’ कड्यांना जोडून पक्के करावे. निर्मात्याने सांगितले नसेल तर दोन्ही पद्धती एकत्र वापरू नयेत. पट्टा ठरलेल्या खाचांतूनच ओवावा. युरोपीय पद्धतीच्या आसनांवर मागे तोंड असताना वापरायचा मार्ग निळ्या रंगाने दाखवलेला असतो. मग पट्टा जेथून जातो तेथेच आसन धरून हलवून पाहावे. ते इंचभरापेक्षा अधिक सरकले, तर ते सैल आहे असे समजावे.

आसनाचा कोनही तितकाच महत्त्वाचा. ते फार उभे राहिले तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग दबतो. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत आणि खांद्याजवळ चिमटीत धरता येणार नाहीत इतके घट्ट असावेत. बाळाला दुपट्यात बांधून आसनात ठेवण्याची सवय येथे मोडावी लागेल. पायांमधला पट्टा मोकळ्या पायांनाच लावता येतो. थंडी असेल तर आधी पट्टे लावावेत, पांघरूण नंतर वरून घालावे.

हे सारे पालकांना सांगणार कोण, हा खरा प्रश्न आहे. दुचाकीवरील चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा तपशील दिला. मोटारीतल्या अर्भकाला मात्र कलमातल्या एका शब्दसमूहावर भागवावे लागते. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचण्यांत बालसुरक्षेसाठी ४९ गुण आहेत, ही जमेची बाजू. पण त्या चाचण्यांतले सर्वांत लहान प्रतिरूप दीड वर्षाच्या मुलाचे असते. शिवाय, गाडीला मिळालेले तारे घरी बसवलेल्या आसनाच्या सैल पट्ट्याची हमी देत नाहीत.

आसन महाग आहे, भाड्याच्या टॅक्सीत ते मिळत नाही, हे आक्षेप खोटे नाहीत. टॅक्सीवर अवलंबून असणाऱ्या कुटुंबांवर दंड लादून हा प्रश्न सुटणारही नाही. मात्र लाखो रुपयांची गाडी घेणाऱ्या वर्गापुरती तरी ही सबब टिकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला आणि मागच्या सीटवरील पट्ट्याची चर्चा एकाएकी सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी सर्व प्रवाशांना पट्ट्याची सक्ती केली. प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूनंतरच जाग येणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

नियमात वय, वजन आणि उंचीनुसार आसनाचे प्रकार स्पष्ट करणे, प्रमाणित आसनांचीच विक्री होईल हे पाहणे, विक्रेत्याने ते गाडीत बसवून दाखवणे आणि प्रसूतिगृहाने बाळाला घरी पाठवताना लसीकरणाच्या कार्डासोबत ही माहिती देणे, यांतले काहीही अशक्य नाही. पालकांचे अज्ञान दंडाच्या पावतीने दूर होत नाही. ते कोणीतरी वेळेवर शिकवल्याने दूर होते. कायद्यातला ‘किंवा’ दुरुस्त होईल तेव्हा होवो. तोवर मागच्या सीटवरचा तो इंचभराचा सैलपणा तपासण्याची जबाबदारी घरातल्या मोठ्यांवरच आहे.