विषाला औषध म्हणू नका

दिवाळीची साफसफाई झाली, डबे उन्हातून आत आले, की आमच्या घरी शेवटी कोनाड्याकोनाड्यांतून 'औषध मारावयाचे' असा रिवाज आहे. परवा नातीने विचारले, "आजी, मारतात ते औषध कसं गं?" सत्तरी आली तरी हा प्रश्न मला पडला नव्हता, याची लाज वाटली.

आपल्याकडे ढेकणांचे औषध, उंदरांचे औषध, कपाशीचेही औषध! कोणी 'औषध पिऊन' जीव देतो, तेव्हाही आपली जीभ अडखळत नाही. शब्द गोड झाला की हात निर्धास्त होतो.

डीडीटीने कीटक मरतात, हे म्युलरने १९३९ साली शोधले. १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या लहानपणी फवारणीवाले येत आणि भिंती पांढऱ्या करून जात. हिवताप हटला, हे मी नाकारीत नाही. मी कृतघ्न नाही. पण आंधळीही नाही.

कॅलिफोर्नियात ओकलंड येथे १९५९ ते १९६७ या काळात गर्भवती व बाळंतिणींचे रक्त जपून ठेवले होते. त्यातील डीडीटी मोजून २००७ साली निष्कर्ष निघाला: ज्यांना चौदाव्या वर्षाच्या आत त्याचा संसर्ग झाला व ज्यांच्या रक्तात ते अधिक होते, त्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट. २०१५ साली त्यांच्या लेकींचा हिशेब लागला. तिथेही धोका जवळजवळ चौपट. डीडीटीचा एक प्रकार इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे सोंग घेतो. गर्भात किंवा वयात येताना स्तन घडत असतात, तेव्हा हे सोंग महागात पडते.

यावर पंडित म्हणतात, २००२ साली लाँग आयलंडच्या पाहणीत असा संबंध दिसला नाही. खरे आहे. पण तिथे मोठ्या वयातले रक्त तपासले. चोर चाळीस वर्षांपूर्वी येऊन गेला आणि हे आज उंबऱ्यावर पावले शोधतात!

माझी चुलतबहीण वऱ्हाडातली. ओटी बांधून जन्मभर कापूस वेचला, पिंपात फवारणीचे पाणी कालवले. ती स्तनाच्या कर्करोगाने गेली. तो कशाने झाला, हे मी छातीठोक सांगणार नाही. मात्र लोकांनी तिच्या नशिबाला दोष दिला, खाण्यापिण्याला दिला; त्या पिंपाबद्दल एकानेही विचारले नाही. माझा राग एवढ्याचसाठी आहे.

२०१७ साली यवतमाळात फवारताना वीसहून अधिक माणसे दगावली. त्याची बातमी झाली. जे विष तीस वर्षांनी उगवते, त्याची बातमी कोण देणार? आपल्याकडे डीडीटी शेतीतून १९८९ साली गेले. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली थांबवले. दोन्ही वेळा विष आधी पोहोचले, मनाई मागाहून. 'पुरावा आणा' असे बाईला सांगणे म्हणजे आधी तिच्या लेकीचे आयुष्य गहाण ठेवा असे सांगणे. पुरावा विकणाऱ्याने आणावा, आणि तोही विकण्यापूर्वी.

तोवर आपल्या हाती आहे ते करू. गर्भवतीला आणि वाढत्या मुलीला फवारणीपासून दूर ठेवू. फवारणीचे कपडे वेगळे धुऊ. आणि त्या डब्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारू. नातीने आमच्या डब्यावर खडूने लिहून टाकले आहे: 'विष'. यंदा तो माळ्यावरून खाली उतरला नाही.