बंद पडलेल्या यंत्राची साक्ष

धारणी तालुक्यातील हरिसाल या गावाचा २०१६ साली देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून मोठा गाजावाजा झाला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तेथील सोयी खरोखर चालतात काय, यावर जाहीर सभांतून वादही रंगला. जाळे बंद पडल्यास त्याचे कारण कोणी व कशाच्या आधारे शोधावयाचे, हा प्रश्न अशा गदारोळात मागेच पडतो. अमरावतीहून परतवाडामार्गे सुमारे दीडशे किलोमीटरची वाट तुडवीत तंत्रज्ञ धारणीस पोहोचेपर्यंत यंत्र बहुधा पुन्हा सुरू झालेले असते. पुरावा उरतो तो यंत्राने मागे ठेवलेल्या नोंदींतच.

संगणकप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, जाळ्याची सारी स्थिती ठाऊक असते. १९८३ च्या सुमारास बर्कले विद्यापीठातील युनिक्सबरोबर आलेली ‘नेटस्टॅट’ ही आज्ञावली ती स्थिती कर्नेलच्या स्मृतीतून थेट वाचीत असे. हा प्रकार धोक्याचा होता. तहसील कचेरीत एक फेरफार पाहू इच्छिणाऱ्याच्या हाती अख्ख्या रेकॉर्ड रूमची किल्ली द्यावी, तसा तो होता. त्या स्मृतीत परवलीचे शब्दही असू शकतात. शिवाय कर्नेलची रचना बदलली की जुनी आज्ञावली भलत्याच रकान्यातील आकडा बिनदिक्कत वाचून दाखवी. तेव्हा चालू यंत्रावरील हा मार्ग बंद होऊन कर्नेलनेच विचारलेल्या प्रश्नापुरते उत्तर द्यावे, ही व्यवस्था रूढ झाली ते योग्यच झाले. लिनक्सने तर कर्नेलस्मृतीचे ‘/डेव्ह/केमेम’ हे दार २०२१ साली कायमचे काढून टाकले.

परंतु कोसळलेले कर्नेल कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. कोसळताना स्मृतीची जी नक्कल डिस्कवर उतरते, तिच्यावर जुने नेटस्टॅट चालविता येई आणि त्या क्षणी कोणत्या जोडण्या उघड्या होत्या, कोणत्या रांगा तुंबल्या होत्या, याचा तक्ता समोर येई. चालू यंत्राची स्मृती चोरून पाहणे आणि मृत यंत्राचे शवविच्छेदन करणे या वस्तुतः दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीसाठी लिहिलेला मजकूर काढताना दुसरीही त्याच केराच्या टोपलीत जाते, आक्षेप आहे तो एवढ्यापुरताच.

डीबगर आहेत, ते वापरावेत, असे यावर सांगितले जाते. ते खोटे नाही. पण डीबगर हाती देतो तो कच्चा माल. त्यातून तक्ता जुळविण्यास कर्नेलची अंतर्रचना जाणणारा माणूस लागतो आणि असा माणूस पुण्यात सापडला तरी धारणीत सापडणे कठीण. दुसरीकडे, क्वचित वापरला जाणारा मजकूर तपासणीअभावी कुजतो आणि चुकीचा तक्ता हा तक्ता नसण्याहून वाईट, हेही मान्य करावे लागते. म्हणून तो रोजच्या साधनातून जरूर काढावा. मात्र त्याआधी केवळ नक्कल वाचणारे, कोणताही विशेषाधिकार न मागणारे स्वतंत्र साधन तयार असावे. कर्नेलच्या प्रत्येक आवृत्तीगणिक ते सुधारीत राहण्याचे कष्ट कोणाला तरी घ्यावे लागतीलच. अनेक ठिकाणी डिस्कवरील जागा वाचविण्यासाठी ही नक्कल उतरविणेच बंद ठेवलेले असते. तेथे साधन असले काय आणि नसले काय, सारखेच!