रिकाम्या जमिनीवरची नगरे

संगणकावरच्या खेळांची चर्चा आपल्याकडे दोनच सुरांत होते. एक सूर काळजीचा. मुलांचे डोळे बिघडले, अभ्यास बुडाला, पैसे लावून खेळायची चटक लागली. केंद्र सरकारने २०२५ साली कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा हा सूर टिपेला पोहोचला होता. दुसरा सूर कौतुकाचा. या धंद्यात केवढी उलाढाल आहे आणि किती तरुणांच्या हाताला काम मिळेल, याचा हिशेब त्यात मांडला जातो. या दोन्हींच्या गलबल्यात एक साधा प्रश्न राहून जातो. खेळ सांगतो काय? कादंबरीबद्दल, नाटकाबद्दल, सिनेमाबद्दल हा प्रश्न आपण हमखास विचारतो. खेळाबद्दल तो विचारायचा असतो, हेच आपल्या गावी नसते.

मला हा प्रश्न नगरे वसविण्याच्या आणि डावपेचांच्या खेळांबद्दल विचारावासा वाटतो. त्याचे कारण मी राहतो त्या जागेत आहे. मंचरहून घोडेगाव, डिंभे करीत भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर लागते. भातखाचरे, हिरड्याची झाडे, महादेव कोळ्यांच्या वाड्या, पावसाळ्यात दिवसेंदिवस न उठणारे धुके आणि खाली घोड नदीवरचे डिंभे धरण असा हा आंबेगाव तालुक्याचा पश्चिमपट्टा. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगावच या धरणाच्या पाण्याखाली गेले. गाव वसणे, उठणे आणि पुन्हा वसणे हा इथे पुस्तकातला धडा नव्हे. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी तो अंगावर काढला आहे.

या खेळांचा आरंभ एका शिक्षिकेच्या हातून झाला, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या मेबेल ॲडिस या शाळाशिक्षिकेने आयबीएम कंपनीच्या सहकार्याने ‘द सुमेरियन गेम’ लिहिला. सहावीच्या मुलाने लगाश या प्राचीन नगराचा राजा व्हायचे आणि यंदा किती धान्य प्रजेला खायला द्यायचे, किती पेरायचे, किती साठवायचे ते ठरवायचे. चुकीच्या निर्णयाचा परिणाम प्रजेच्या पोटावर दिसे. म्हणजे या प्रकाराच्या मुळाशी धान्याचे कोठार होते. गगनचुंबी इमारती पुष्कळ नंतर आल्या.

त्या आणल्या ‘सिमसिटी’ने. विल राइट हा तरुण बॉम्बफेकीचा एक खेळ तयार करीत होता. बॉम्ब टाकण्यापेक्षा ज्यांवर ते टाकायचे ती बेटे रचण्यातच आपल्याला अधिक गोडी वाटते, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्यातून १९८९ साली ‘सिमसिटी’ बाहेर पडला. नगराची गणिते बांधताना त्याने जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या ‘अर्बन डायनॅमिक्स’ या पुस्तकाचा आधार घेतला. गरिबांसाठी घरे बांधल्याने शहराचे भले होत नाही, असा त्या पुस्तकाचा एक निष्कर्ष होता आणि त्यावर तेव्हाच मोठा वाद झाला होता. खेळणाऱ्याला या वादाची गंधवार्ताही नसते. त्याच्या लेखी ते निसर्गनियमच ठरतात.

‘सिमसिटी’ उत्तम खेळ आहे. कर, रस्ते, वीज आणि वस्ती यांचे परस्परांशी असलेले नाते तो जितक्या सहज समजावतो, तितके नागरिकशास्त्राचे पुस्तक क्वचितच समजावते. पण त्याची पहिलीच चौकट पाहा. हिरवी, मोकळी, बिनमालकीची जमीन. तिथे कुणी राहत नव्हते, कुणाची भातखाचरे नव्हती, कुणाचा देव नव्हता. पुढे जे आडवे येईल ते बुलडोझरने काढायचे. आणि संकटे? त्यांची तर एक यादीच आहे. पूर, आग, भूकंप यांतले हवे ते निवडायचे, गंमत पाहायची. तळेघरहून फार लांब नसलेल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. गाव नाहीसे झाल्याची वर्दी दिली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाने. अतिवृष्टीचा वाटा किती आणि उतारावरची जमीन सपाट करण्याचा किती, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. अशा मुलखात संकट यादीतून निवडता येत नाही.

म्हणून मला मोठ्या नावाच्या खेळांपेक्षा त्यांच्या सावलीत राहिलेले खेळ अधिक मोलाचे वाटतात. २०१४ सालचाच ‘बॅनिश्ड’ घ्या. ल्यूक होडोरोविझ या एकट्या माणसाने तो केला. नावाचा अर्थ ‘हद्दपार’. हाकलून दिलेली काही कुटुंबे, थोडे सामान आणि पुढे उभा हिवाळा, एवढ्यावर डाव सुरू होतो. पैसा हा प्रकारच नाही. माणूस हेच धन. घरे कमी बांधली तर तरुण जोडप्यांना वेगळा संसार थाटता येत नाही, पाळणा हलत नाही आणि काही वर्षांनी सगळे गाव म्हातारे होते. घरे घाईने वाढवली तर खाणारी तोंडे वाढतात आणि कोठार रिते होते. शाळा ओस पडलेल्या डोंगरी गावांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

पोलंडमधून २०२१ साली आलेल्या ‘टिंबरबॉर्न’मध्ये झाडे कुरतडून ओढ्याला बांध घालणारे बीव्हर हे प्राणी वस्ती करतात. दुष्काळ ठरावीक काळाने येतोच. बांध घातला तर वस्ती तगते, पण त्याची जागा चुकली तर आपलीच शेते पाण्याखाली जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या मंडळींनी २०२३ साली काढलेला ‘टेरा निल’ तर उलट्या दिशेने चालतो. उजाड जमीन पुन्हा हिरवी करायची आणि शेवटी आपण उभारलेले एकूण एक यंत्र उचलून निघून जायचे. तसे केले तरच डाव पुरा. आणि २००४ सालच्या ‘चिल्ड्रन ऑफ द नाइल’मध्ये धान्य हेच चलन आहे. नाइलचा पूर ओसरला की मागे राहिलेल्या गाळात पेरणी करायची.

हे शेवटचे वाचताना डिंभ्याचे काठ डोळ्यांपुढे येतात. धरणाचे पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या जमिनीत इथले विस्थापित गाळपेर करतात. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने त्यांनी या जमिनीवर पिके घेतली आणि जलाशयात मासेमारीसाठी सहकारी संस्था उभी केली. धरणाची गरज नव्हती, असे मी म्हणणार नाही. कुकडी प्रकल्पातल्या या पाण्याची वाट पारनेर, श्रीगोंदा, कर्जतचा शेतकरी पाहत असतो, आणि त्याची तहानही खरी आहे. पण एकाची तहान आणि दुसऱ्याचे गाव या दोहोंचा हिशेब एकाच पाटीवर मांडणे हेच तर राज्यकर्त्याचे अवघड काम.

गेल्या पावसाळ्यात गावातल्या चार-सहा मुलांना मी यांतले काही खेळ एका जुन्या संगणकावर दाखविले. मोकळ्या जमिनीचा नकाशा समोर येताच एकाने विचारले, की सर, इथे आधी कोण राहत होते? नगररचनेचे शास्त्र याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवे, असे मला वाटते.

आपल्या जुन्या खेळात हा प्रश्न निराळ्या रीतीने आलेलाच आहे. वाघबकरीच्या पटावर वाघ थोडे आणि बकऱ्या पुष्कळ. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी एकमेकींना धरून वाघाला कोंडायचे. बळ विषम, पण डाव दोघांचाही. आणि खेळणाऱ्याला आज वाघाकडून तर उद्या बकरीकडून बसावे लागते. नगराच्या खेळात मात्र बहुधा एकच खुर्ची असते, आणि ती नगराध्यक्षाची.

पालकांना आणि शिक्षकांना माझे सांगणे एवढेच, की मुलगा काय खेळतो हे विचारून थांबू नका. तो खेळ त्याला कुणाच्या खुर्चीत बसवतो, तेही विचारा. शाळेत एखादा तास अशा खेळाच्या चर्चेला द्या. आणि एक मागणे पुण्यातल्या खेळकर्त्यांकडे. ‘राजी’सारखा खेळ पुण्यात घडून २०२० साली जगापुढे गेला, म्हणजे कसब आपल्याकडे आहे. आता एखादा असा खेळ करा, ज्याच्या पहिल्या चौकटीत जमीन रिकामी नसेल. नदीकाठी गाव असेल, खाली तहानलेला तालुका असेल आणि खेळणाऱ्याला दोन्ही बाजूंनी बसावे लागेल. उद्या नकाशावर रेघ ओढण्याची पाळी याच मुलांवर येणार आहे. रेघेच्या खाली कोण राहते, हे त्यांना आधीच माहीत असलेले बरे.