शिक्का आधी, गुन्हा नंतर

तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला. विमुक्त जमातींची मनमानी धरपकड थांबवा, असेही पोलिसांना बजावले. या निकालामागे दीडशे वर्षांचा एक प्रयोगच आहे म्हणा ना!

१८७१ च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, कित्येकांना कुंपणाआडच्या वसाहती. सोलापूरची ‘सेटलमेंट’ त्यातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे नवे कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली. पारध्यांचे पोट शिकारीवर. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तीही बंद झाली. पर्याय मात्र फारसा मिळाला नाही.

हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडले की, एखादे वागणे ‘गुन्हेगारी’ ठरते ते बऱ्याच अंशी इतरांच्या प्रतिक्रियेने. गावात चोरी झाली की पहिली धाड पालावर पडते. पोरगा उचलला जातो, सुटतो. पण शाळा तुटते, कामावर कोणी ठेवत नाही. मग सोबत उरते ती तसाच शिक्का बसलेल्यांची. चोरीचे धडे तिथे मिळतात, आणि ‘आपण असेच’ हेही मनात मुरते.

पहिली चोरी का होते, याचे उत्तर मात्र या सिद्धांतात नीटसे मिळत नाही. भूक, व्यसन, घरातली मारहाण यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या गुन्ह्याबाबत पुरावा बरा आहे. औषधाच्या चाचणीत रुग्णांचे गट पाडतात तसे किरकोळ गुन्ह्यांतल्या मुलांचे गट पाडून केलेल्या २९ चाचण्यांचा आढावा २०१० मध्ये निघाला. मुले सात हजारांवर, बहुतेक अमेरिकेतली. खटल्याच्या वाटेने नेलेल्यांचे गुन्हे कमी झाले नाहीत; उलट थोडे वाढण्याकडेच कल दिसला. समज देऊन सोडलेली किंवा समुपदेशनाकडे वळवलेली मुले सरस ठरली.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदा हे ओळखतो. मुलाला कलंक लागेल असे शब्द वापरायचे नाहीत, ओळख उघड करायची नाही, ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या. अपवाद १६ वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांचा. पण गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरलेला फोटो कोण नष्ट करणार?