धरणातला मासा रोजच्या ताटात यावा

खानदेशात मासा म्हणजे सुट्टीच्या दिवसाचा बेत. कांदा-खोबरं भाजा, काळा मसाला वाटा, तर्री सुटेपर्यंत रस्सा उकळा, वर भाकरी थापा. त्या रश्श्याला तोड नाही. पण संध्याकाळी साडेसहाला कामावरून धुळ्यातल्या देवपुरात घरी पोचणाऱ्या माझ्यासारखीला तो आठवड्यात जमत नाही.

म्हणून मी एका पातेल्यातला थाई धाटणीचा मासे-भात करते. त्याला लागणारं बहुतेक सगळं घरचंच. लसूण, आलं, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीच्या काड्या मुळांसकट ठेचून तेलावर परतायच्या. गवती चहाची जुडी गाठ मारून टाकायची. वाटीभर धुतलेला इंद्रायणी, वाटीभर नारळाचं दूध, तेवढंच पाणी, मीठ. थाई लोक माशाचं खारं पाणी घालतात. मी भाजलेल्या सुकटाची चिमूटभर पूड घालते. भात शिजत आला की वर चिलापीचे तुकडे मांडून झाकण ठेवायचं. सात-आठ मिनिटं मंद आच, मग लिंबू. अर्ध्या-पाऊण तासात जेवण तयार. चिलापीला किंवा मरळीला बारीक काटे कमी, त्यामुळे मुलंही निर्धास्त खातात. रोहूला ते फार. तो रश्श्यालाच ठेवावा.

अडचण आहे ती ताज्या माशाची. तापीवर हतनूर, वाघूर नदीवर वाघूर, शिरपूरकडे अनेर, वर गिरणा. एवढं पाणी आपल्याकडे आहे. धरणांत कटला, रोहू, मृगळाचं बीज सोडतात, मच्छीमारांच्या सहकारी संस्था जाळी टाकतात. पण मासा पहाटे निघतो आणि आम्ही बाजारात जातो संध्याकाळी. आपल्या उन्हात बर्फाशिवाय तो तोवर टिकत नाही. शिवाय खवले काढून, साफ करून, तुकडे करून मिळाला नाही तर दमलेलं माणूस त्याच्या वाटेला जात नाही.

जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिका. दोघींनी मासळी बाजारात बर्फ, वाहतं पाणी, कापायचे स्वच्छ ओटे द्यावेत आणि धरणावरच्या संस्थांसाठी संध्याकाळचे गाळे राखून ठेवावेत. भोई कुटुंबांना रोजचं गिऱ्हाईक मिळेल, आमच्या मुलांना आठवड्यातून दोनदा तरी मासा मिळेल. खर्च फार नाही. मागणी मात्र आपणच लावून धरली पाहिजे.