कपात कोणाच्या ओळीवर पडली?

गेल्या महिन्यांत आमच्या नातीच्या वर्गास एक आगळाच अभ्यास मिळाला. सरकारनें कोणकोणत्या खर्चांत कपात केली, हें मुलांनीं गटागटानें शोधावें व एका वहींत मांडून आणावें, असा तो अभ्यास. रबाळ्यास आमच्याच इमारतींत त्या वर्गांतील पांच मुलें राहतात. रविवारीं सकाळीं तीं आमच्या बैठकींत जमलीं आणि निवृत्त मास्तर या नात्यानें त्यांचें पुढारीपण आम्हीं न मागतांच पत्करिलें.

पहिल्या दिवशीं पांचही वह्या पाहिल्या. सर्वांत वर्तमानपत्रांचे मथळे उतरलेले. ‘कात्री’ हा शब्द पानोपानीं होता, परंतु कशाच्या मानानें कमी, हें एकानेंही लिहिलें नव्हतें. तेव्हां आम्हीं मुलांस ‘अर्थसंकल्प’ या शब्दापाशींच थांबविलें. ज्या घरांत सत्यनारायण होतो तेथील मुलांस संकल्प म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. हातांत उदक घेऊन ‘करिष्ये’ म्हणावयाचें व तें ताम्हनांत सोडावयाचें. पूजा पुढेंच असते. सरकारचेंही तसेंच. वर्षारंभापूर्वीं मांडतात तो अंदाज हा संकल्प. वर्ष सरत आलें म्हणजे तो सुधारून घेतात. आणि खरोखर किती वेंचलें, तें हिशेब पुरा झाल्यावर कळतें. या तीन रकान्यांपैकीं कोणता कोणाशीं ताडून पाहिला, हें सांगितल्यावांचून ‘कपात’ हा शब्द लिहूं नये, असा नियम ठरला.

नियम घातला आम्हीं आणि मोडलाही आम्हींच. राज्याच्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठीं २०२४ सालीं वर्षाला ४६,००० कोटी रुपये सांगण्यांत आले होते. मार्च २०२५ मध्यें मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पांत ते ३६,००० कोटी झाले. “दहा हजार कोटींची कपात!” असें म्हणून आम्ही मोकळे झालों. त्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, “आजोबा, पण पहिल्या वर्षीं खर्च तर सुमारें ३३,००० कोटीच झाला होता. मग ही वाढ नव्हे का?” आम्ही निरुत्तर झालों. इतक्यांत नात म्हणाली, “योजना जुलैपासून लागू झाली. म्हणजे तो नऊच महिन्यांचा खर्च. बारा महिन्यांचा धरला तर ४४,००० च्या वर जातो. म्हणजे पुन्हां कमीच.” आणि तें कमी झालें तें अपात्र नांवें वगळल्यामुळें, कीं आणखी कशामुळें, हा प्रश्न उरलाच. चाळीस वर्षें फळ्यासमोर उभें राहूनही निष्कर्ष आधीं व हिशेब मागाहून, ही खोड आमची गेली नव्हती, हें त्या दिवशीं कळलें.

मग कामाची वांटणी झाली. तिघांनीं एकेक रकाना धरावा, चौथ्यानें बदलाचें कारण शोधावें आणि पांचव्यानें ज्यांच्यासाठीं तो पैसा, त्यांस जाऊन विचारावें. हें पांचवें काम नातीकडे आलें. आमच्याकडे धुणेंभांडीं करावयास येणाऱ्या बाईंस तिनें विचारलें. त्या म्हणाल्या, “दीड हजारांत पोरीची शिकवणी भागते. एखाद्या महिन्याला आले नाहींत तर आधीं शिकवणीच थांबते. भाडं काय थांबणार आहे?” नातीनें हें वाक्य जसेंच्या तसें उतरून घेतलें.

हा उद्योग नवा नाहीं. १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सरकारची शिल्लक म्हणजे प्रजेचें सुख नव्हे, हें सरकारच्याच आंकड्यांवरून दाखविलें. पुढच्याच वर्षीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोनावर आला. हे गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत गणित शिकवीत असत व त्यांचें अंकगणिताचें पुस्तक शाळांतून चाले. आंकड्यांच्या कामीं त्यांचे मोठे साह्यकर्ते गणेश व्यंकटेश जोशी हेही सरकारी शाळांतील मास्तरच. जमाखर्च वाचावयास पदवी लागत नाहीं. चिकाटी व खरेपणा लागतो.

एक स्नेही आम्हांस म्हणाले, “कोंवळ्या मुलांच्या हातीं हें राजकारण कशास देतां?” आम्हीं त्यांस उत्तर दिलें नाहीं. मात्र त्या रात्रीं पेटींतून वडिलांची १९७२ सालची जमाखर्चाची वही काढली. तें दुष्काळाचें वर्ष. आमची आक्का तेव्हां तालुक्याच्या गांवीं राहून अकरावीस होती. दर महिन्यास ‘आक्काची खाणावळ’ अशी एक ओळ आहे; कार्तिकापासून ती ओळ नाहीं. वडिलांचें पानतंबाखू, आमची फी, पाहुण्यांचा चहा, या साऱ्या ओळी चालूच आहेत. वडील निष्ठुर नव्हते. हिशेबही पैपैचा बरोबर आहे. मात्र जिला विचारावें लागत नव्हतें, तिचीच ओळ आधीं गेली. आणि आम्हीं, जे तेव्हां तेरा वर्षांचे होतों, त्यांनींही विचारलें नाहीं.

दुसऱ्या रविवारीं ती वही आम्हीं मुलांपुढें ठेविली. नातीनें पानें उलटून विचारलें, “आजोबा, आक्काआजीला तेव्हां काय वाटलं?” पन्नास वर्षांत आम्हीं हें विचारलें नव्हतें. संध्याकाळीं फोन केला. आक्का जरा थांबून म्हणाली, “परीक्षेचा अर्ज भरून ठेवला होता, रे.”

सरकारची असो वा घरची, कपात कधीं करावीच लागते, हें आम्हांस मान्य आहे. मुलांनीं इतकेंच शिकावें, कीं आंकडा कशाशीं ताडला तें सांगावें आणि जिची ओळ गेली तिला भेटल्यावांचून वही मिटूं नये. वाचकांच्या घरींही जुन्या वह्या असतील. मुलांस बरोबर घेऊन एकवार त्या उघडाव्या.